राउटरला त्याचा प्रकाश दिसू द्या

आयपी (पॅकेटची वाट ठरवणारे राउटर) आणि ऑप्टिकल (तो डेटा फायबरवरून प्रकाशाने नेणारी यंत्रणा) हे नेटवर्कचे दोन लेयर एकत्र करायचे का, हा विषय निघाला की चर्चा लगेच पैशांवर जाते, ट्रान्सपॉन्डर (राउटरचा सिग्नल लांब पल्ल्याच्या प्रकाशात बदलणारे डबे) किती वाचले, रॅक किती रिकामे झाले, वीज किती कमी लागली वगैरे. हे सगळं खरंय आणि महत्त्वाचंही आहे, पण बरीच वर्षं याच कामात काढल्यावर माझं मत जरा वेगळं झालंय. मला विचाराल तर सगळ्यात मोठा फायदा हा की आपला डेटा ज्या प्रकाशावर बसून चाललाय त्याची तब्येत कशी आहे हे राउटरला स्वतःला कळायला लागतं. जुन्या पद्धतीत ते त्याला कळत नव्हतं. आज यावर जरा सविस्तर लिहितो, लांबेल थोडं, पण विषयच तसा आहे.

आधी बहुतेक नेटवर्कमध्ये आत्ता काय असतं ते बघू. समजा दोन शहरांत दोन राउटर आहेत. पॅकेट राउटरच्या चिपमधून निघतं, ग्रे मॉड्यूलमधून प्रकाश होऊन बाहेर पडतं (ग्रे म्हणजे जवळच्या अंतराचा साधा लेझर, ज्याची तरंगलांबी डीडब्ल्यूडीएमच्या, म्हणजे एकाच फायबरवर अनेक रंगांचे प्रकाश एकदम चालवण्याच्या पद्धतीच्या, काटेकोर ग्रिडवर नसते), दोन-चार मीटरच्या पॅच कॉर्डमधून शेजारच्या रॅकमधल्या ट्रान्सपॉन्डरपर्यंत जातं, तिथे त्याचा परत इलेक्ट्रिकल सिग्नल होतो, तो ओटीएन या ऑप्टिकल नेटवर्कच्या मानकाच्या फ्रेममध्ये भरला जातो आणि मग पुन्हा एकदा प्रकाश होतो, या वेळी ठरलेल्या लॅम्बडावर, म्हणजे तरंगलांबीवर. पुढे मक्स (सगळ्या लॅम्बडा एका फायबरमध्ये घालणारा), बूस्टर (पाठवताना पॉवर वाढवणारा), फायबर, साधारण दर ८० किलोमीटरला एक ॲम्प्लिफायर, मध्ये कुठेतरी रोडॅम (लॅम्बडा हव्या तिथे उतरवणारा, चढवणारा किंवा पुढे सोडणारा डबा), आणि पलीकडच्या टोकाला हेच सगळं उलट्या क्रमाने. म्हणजे एका लिंकसाठी चार ग्रे मॉड्यूल आणि दोन ट्रान्सपॉन्डर, आणि ते चार ग्रे मॉड्यूल फक्त शेजारच्या रॅकपर्यंत जाण्यासाठी. प्रत्येकाला वीज, प्रत्येकाला थंड हवा, प्रत्येकाचा स्पेअर ठेवायचा, आणि प्रत्येक जण बिघडू शकतो. लेयर एकत्र करायचे म्हणजे मुळात इतकंच, की लांब पल्ल्याचा कोहेरंट (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर त्याच्या फेजमध्येही डेटा भरणारा) लेझर थेट राउटरच्या पोर्टात लावायचा आणि मधली ही सगळी जत्रा काढून टाकायची.

आता हे असं कुणी उगाच करून ठेवलेलं नव्हतं, त्यामागे ठोस कारणं होती आणि ती समजून घेतल्याशिवाय जुन्या डिझाइनला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एसडीएच म्हणजे ओटीएनच्या आधीचं मानक, त्याच्या पहिल्या शिफारशी १९८८ च्या, तेव्हा नेटवर्कवर मुख्यतः आवाज चालायचा, सगळं ठराविक वेगाच्या सर्किटमध्ये, आणि रिंग तुटली की ५० मिलिसेकंदात दुसऱ्या बाजूने चालू. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, साउथॅम्प्टन विद्यापीठात आणि बेल लॅब्जमध्ये एर्बियम घातलेल्या फायबरचा ॲम्प्लिफायर जमला, आणि तो सगळ्या लॅम्बडा एकदम वाढवतो, प्रत्येकीला वेगवेगळं इलेक्ट्रिकलमध्ये आणावं लागत नाही, त्यामुळे खेळच बदलला. १९९६ मध्ये सिएनाने १६ लॅम्बडांची सिस्टीम बाजारात आणली, प्रत्येकीवर २.५ गिगाबिट. प्रकाश एकदम स्वस्त झाला पण राउटरचं पोर्ट मात्र भयंकर महाग राहिलं. मग साहजिकच नियम असा पडला की जो ट्रॅफिक आपल्या ठिकाणी उतरायचाच नाही त्याला राउटरपर्यंत वर आणूच नका, खालच्या खाली प्रकाशातूनच पुढे जाऊ द्या. रोडॅम, २००१ पासूनचं ओटीएन, त्याचं स्विचिंग, हे सगळं त्या एका हिशोबावर उभं राहिलं. आणि प्रत्येक लेयरने स्वतःचं प्रोटेक्शन आणलं, स्वतःचं मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणलं, आणि कंपन्यांमध्ये स्वतःची वेगळी टीमही आणली.

एकत्र करायचा प्रयत्न आधीही झालाय, हे नवीन लोकांना बऱ्याचदा माहीत नसतं. २००० च्या दशकाच्या मध्यात राउटरच्या लाइन कार्डवर थेट रंगीत, म्हणजे डीडब्ल्यूडीएमच्या ग्रिडवरचे, लेझर बसवून झाले होते, नाव होतं आयपी ओव्हर डीडब्ल्यूडीएम. पण ते ऑप्टिक्स इतके मोठे होते की ज्या कार्डावर बरीच साधी पोर्ट मावायची तिथे रंगीत अगदी मोजकीच बसायची. राउटरमधला स्लॉट ही सगळ्यात महागडी जागा, आणि तिथेच तुम्ही घनता घालवून बसताय, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. ट्रान्सपॉन्डरचे पैसे वाचवायला जाऊन राउटरचे स्लॉट वाया, मग हिशोब बसणार कसा. कंट्रोल प्लेनच्या (वाटा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) बाजूनेही प्रयत्न झाले, २००४ मध्ये जीएमपीएलएसची चौकट आली, कल्पना अशी की राउटर आणि ऑप्टिकल स्विच एकाच भाषेत बोलतील. कल्पना सुंदरच होती, पण राउटर आणि ट्रान्सपोर्ट (म्हणजे खालचं ऑप्टिकल नेटवर्क) वेगवेगळ्या लोकांच्या हातात होते आणि कुणी आपलं नेटवर्क दुसऱ्याला पूर्ण उघडून दाखवायला तयार नव्हतं.

मग बदललं काय, तर आकार. कोहेरंट सिग्नल वाचणारा प्रोसेसर, म्हणजे डीएसपी, ७ नॅनोमीटरच्या चिपमध्ये बसला, सिलिकॉन फोटोनिक्समुळे बाकीची ऑप्टिक्स एका छोट्या तुकड्यावर आली, आणि क्यूएसएफपी-डीडी नावाच्या बोटभर मॉड्यूलमध्ये अख्खा ट्रान्सपॉन्डर मावला. महत्त्वाची गोष्ट ही की ग्रे ४०० गिगाबिटचं मॉड्यूल आणि कोहेरंट ४०० गिगाबिटचं मॉड्यूल एकाच आकाराचं, एकाच पोर्टात जाणारं. घनता अजिबात जात नाही. २० वर्षांपूर्वी गाडी जिथे अडली होती ती अडचणच संपली. ओआयएफ या फोरमने २०२० मध्ये ४००झेडआरचा करार प्रसिद्ध केला, त्यात १६ क्यूएएम मॉड्युलेशन, सुमारे ६० गिगाबॉड (सेकंदाला ६० अब्ज सिम्बॉल), आणि ॲम्प्लिफायर लावून १२० किलोमीटरपर्यंतचं अंतर असं ठरलं, मुख्य उद्देश डेटा सेंटर ते डेटा सेंटर. टेलिकॉमवाल्यांना तेवढं पुरणार नव्हतं म्हणून ओपन झेडआर प्लस आलं, त्यात जास्त ताकदीचं एरर करेक्शन आणि अंतर वाढलं तर वेग ३००, २०० किंवा १०० वर उतरवायची सोय. गणित करून बघा, ७५ गिगाहर्ट्झच्या अंतराने ४.८ टेराहर्ट्झच्या सी बँडमध्ये (फायबरवर नेहमी वापरतात तो पट्टा) ६४ लॅम्बडा बसतात, म्हणजे ४०० च्या हिशोबाने फायबरच्या एका जोडीवर २५.६ टेराबिट, आणि मध्ये ट्रान्सपॉन्डरचं एकही शेल्फ नाही. पुढे २०२४ मध्ये ८००झेडआरही आलं. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी याच काळात ऑप्टिकलवाल्या कंपन्या विकत घेतल्या, सिस्कोने २०२१ मध्ये अकेशिया, नोकियाने २०२५ मध्ये इन्फिनेरा, यावरून वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळतंच.

आता मी ज्याला सगळ्यात मोठा फायदा म्हणतो तिकडे येतो. जुन्या पद्धतीत राउटरवर तुम्ही लिंकची रिसीव्ह पॉवर बघता ना, ती कसली पॉवर असते? ती शेजारच्या रॅकमधल्या ट्रान्सपॉन्डरच्या ग्रे लेझरची, दोन-चार मीटर लांबून आलेली. पलीकडच्या शहरापर्यंतचं फायबर मरायला टेकलं असलं तरी तो आकडा झक्कास दिसणार, कारण तो त्या फायबरचा आकडाच नाही. मी स्वतः अशा कॉलवर कितीतरी तास बसलोय जिथे ग्राहकांचा डेटा मधूनच तुटतोय, राउटरवाले म्हणतात आमची पॉवर चांगली आहे, एरर काउंटर मधेच उडी मारतो आणि थांबतो, तर ट्रान्सपोर्टवाले म्हणतात आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवं आहे, अलार्म एकही नाही. दोघंही खरं बोलत असतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी कुणीतरी जाऊन ओडीएफ (फायबर जोडायची फ्रेम) उघडतं आणि एक पॅच कॉर्ड दारात चेपलेली सापडते, दार बंद केलं की लॉस वाढतो, उघडलं की कमी होतो, आणि तोपर्यंत तिकिटावर ‘दोष सापडला नाही’ असं दोनदा लिहून झालेलं असतं.

असं का होतं ते नीट बघण्यासारखं आहे. कोहेरंट लिंकवर बिट चुकतातच, कायम चुकतात, आणि एरर करेक्शन ते दुरुस्त करत राहतं. ४००झेडआरमधल्या करेक्शनची मर्यादा सुमारे १.२५ टक्के आहे, म्हणजे दर ८० बिटांमागे एक चुकला तरी पलीकडे डेटा स्वच्छ मिळतो, ४०० गिगाबिटला हे सेकंदाला सुमारे ५०० कोटी चुका दुरुस्त करण्यासारखं झालं, मला तर हे आजही अचाट वाटतं. पण ही मर्यादा म्हणजे कडा आहे. कड्याच्या अलीकडे एकही पॅकेट हरवत नाही, पलीकडे पाऊल पडलं की सगळीच हरवतात. सिग्नल हळूहळू खराब होत असला तरी वरून बघणाऱ्याला सगळं शंभर टक्के ठीक दिसतं आणि मग अचानक शून्य. आपण कड्याच्या किती जवळ आहोत हे सांगणारा आकडा म्हणजे दुरुस्तीच्या आधीचा बिट एरर रेट, प्री-एफईसी बीईआर. जुन्या डिझाइनमध्ये तो ट्रान्सपॉन्डरच्या आत असतो, राउटरपर्यंत पोचतच नाही.

मॉड्यूल राउटरमध्ये आलं की हा आकडा राउटरचा होतो. मग त्यावर उंबरठा लावता येतो, की बीईआर इतका वाढला, अजून एकही पॅकेट हरवलेलं नाही, तरी ही लिंक लवकरच जाणार असं समज आणि ट्रॅफिक आत्ताच दुसऱ्या वाटेने काढ. फास्ट रीराउट (लिंक तुटताच बॅकअप वाटेवर जाणं) आधीपासून आहेच, सेगमेंट राउटिंगमध्ये (वाट पॅकेटमध्येच लिहून पाठवायची पद्धत) टीआय-एलएफए नावाची सोय बॅकअप वाट आधीच काढून ठेवतं, फक्त त्याला चालू व्हायला लिंक तुटायची वाट बघावी लागायची. आता तुटायच्या आधीच निघता येतं. चेपलेल्या पॅच कॉर्डचं जे उदाहरण दिलं त्यात दार बंद झाल्या झाल्या बीईआरच्या आलेखात पायरी दिसली असती, कुणाची तक्रार यायच्या आधी, आणि त्याच स्क्रीनवर जिथे राउटिंगही दिसतं. ओएसएनआर (सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण), क्रोमॅटिक डिस्पर्शन (तरंगलांबीप्रमाणे वेग बदलल्याने सिग्नलचं पसरणं), पोलरायझेशनची हालचाल, हे सगळं कोहेरंट रिसीव्हर फुकटात मोजत असतो कारण त्याशिवाय त्याला सिग्नल वाचताच येत नाही. डिस्पर्शनवरून तर फायबरची लांबीसुद्धा अंदाजे काढता येते, म्हणजे खाली कुणी न सांगता वाट बदलली तर तेही समजतं. हे आकडे गोळा करून ठेवा, कृपया, सुरुवातीच्या दिवसापासून. लिंक नवी असताना तब्येत कशी होती हे माहीतच नसेल तर पुढे बिघडली की नाही हे ठरवणार कशावरून?

दुसरा मोठा बदल म्हणजे ट्रॅफिक वाटेतल्या प्रत्येक राउटरवर उतरवायचा. जुन्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो, कारण आयुष्यभर शिकलेला नियम याच्या नेमका उलटा, वर आणू नका, खालूनच जाऊ द्या. पण तो नियम राउटरचं पोर्ट महाग होतं म्हणून होता. आता एका चिपमध्ये १० टेराबिटच्या वर राउटिंग होतं, एक रॅक युनिट उंचीच्या डब्यात ४०० गिगाबिटची ३६ पोर्ट मावतात, म्हणजे १४.४ टेराबिट. अशा वेळी सरळ शेजारच्या राउटरपर्यंत लॅम्बडा, तिथे उतरा, परत पुढच्या शेजाऱ्यापर्यंत. याने शहरांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी अर्धी रिकामी लॅम्बडा ठेवावी लागत नाही, सगळ्यांचा ट्रॅफिक एकाच पाइपमध्ये मिसळतो आणि पाइप नीट भरतो, आणि लॅम्बडाचं अंतर कमी झाल्यामुळे ४०० चा पूर्ण वेग मिळतो. लेटन्सी वाढेल अशी भीती घालतात, तर प्रकाशाला फायबरमधून १ किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात, राउटरने १० मायक्रोसेकंद घेतले तर ते २ किलोमीटर जास्तीच्या फायबरइतकं झालं, त्याने बहुतेकांना काही फरक पडत नाही. हां, पण एखाद्या ठिकाणी टेराबिटच्या टेराबिट ट्रॅफिक नुसता पुढेच जाणारा असेल, तिथे उतरणारं जवळपास काहीच नसेल, तर तिथे प्रकाशातून पुढे जाऊ देणंच बरोबर आहे. दर नोडवर उतरवण्याचा अट्टाहास मलाही पटत नाही, ट्रॅफिक मॅट्रिक्स (कुठून कुठे किती ट्रॅफिक जातो त्याचा तक्ता) बघून ठरवायची गोष्ट आहे ही.

प्रोटेक्शनबद्दल. जुन्या पद्धतीत ऑप्टिकलमध्ये वन प्लस वन, म्हणजे एका सर्किटला दोन वाटा. वर ओटीएनमध्ये कुठे अजून एक. त्यावर आयपीवाले कुणावरच विश्वास न ठेवता लिंक निम्म्यापेक्षा कमीच भरणार, कारण दुसरी लिंक तुटली तर तिचा ट्रॅफिक घ्यायला जागा हवी. म्हणजे एकाच धोक्यासाठी दोन-तीनदा रिकामी क्षमता राखून ठेवलेली. शिवाय दोन्ही लेयर एकदम धावून आले तर गोंधळ, म्हणून राउटरला सांगायचं की तू लिंक पडली तरी १०० मिलिसेकंद गप्प बस, खालच्याला आधी प्रयत्न करू दे. ज्याला सगळ्यात जास्त माहिती आहे की कुठला ट्रॅफिक महत्त्वाचा आणि कुठला नाही, त्यालाच गप्प बसवायचं! एकत्र केलेल्या डिझाइनमध्ये तातडीचं प्रोटेक्शन एकाच जागी, आयपीमध्ये, ५० मिलिसेकंदाच्या आत. ऑप्टिकलने रोडॅममधून दुसरी वाट शोधली तर ते नंतर, सावकाश, कारण ॲम्प्लिफायरच्या पॉवर जुळवत ते करायला बऱ्याचदा काही सेकंदच काय, मिनिटंही लागतात. त्याचं काम ट्रॅफिक वाचवणं नाही, गेलेली क्षमता परत आणणं, आणि या कामासाठी ते मला फार आवडतं, ते काढू नका.

पण इथे एक धोका आहे आणि तो मी ठळकपणे सांगतो. आयपीवर सगळं प्रोटेक्शन टाकलं की आयपीला खरा नकाशा माहीत असायलाच हवा. राउटरला दोन वेगळ्या लिंक दिसतात, दोन वेगळ्या इंटरफेसवर, दोन वेगळ्या दिशांना, आणि खाली त्या दोन्हींचं फायबर एकाच डक्टमधून, एकाच पुलाखालून जात असतं. जेसीबीला त्या दोन लिंक नसतात, एक खड्डा असतो. यासाठीच एसआरएलजी आहे, म्हणजे कुठल्या लिंक एकत्र मरू शकतात त्यांना एक क्रमांक देऊन ठेवायचा आणि बॅकअप वाट काढताना तो टाळायचा. सोय राउटरमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, माहितीच भरलेली नसते किंवा तीन वर्षांपूर्वी भरलेली असते आणि मधल्या काळात फायबर दोनदा हलवलेलं असतं. फायबरची इन्व्हेंटरी खरी नसेल तर लेयर एकत्र केल्याने तुम्ही उलट जास्त उघड्यावर येता, कारण खालचं वन प्लस वन तर तुम्ही काढून टाकलंत.

आता कटकटी सांगतो, कारण विक्रेत्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये त्या शेवटच्या स्लाइडवर बारीक अक्षरात असतात. पहिली म्हणजे पॉवर. सुरुवातीची झेडआर मॉड्यूल उणे १० डीबीएमच्या आसपास प्रकाश सोडायची, म्हणजे ०.१ मिलिवॉट, तर शेजारच्या ट्रान्सपॉन्डरच्या लॅम्बडा ० डीबीएम किंवा त्याच्याही वर. दोन्ही एकाच रोडॅमच्या मक्समध्ये घातल्या की नवी बिचारी दबून जाते, तिला वर उचलायला ॲम्प्लिफायर लावला की त्याचा नॉइज येतो. शिवाय कलरलेस मक्समध्ये लॅम्बडाप्रमाणे फिल्टर नसतो, त्यामुळे प्रत्येक मॉड्यूलचा इकडेतिकडे सांडलेला नॉइज सगळ्यांच्या डोक्यावर साचतो. म्हणून नंतर ० डीबीएमची मॉड्यूल आली, आत छोटा ॲम्प्लिफायर आणि फिल्टर असलेली, आणि जुन्या रोडॅम नेटवर्कवर जायचं असेल तर तीच घ्या, दोन पैसे वाचवायला साधी घेऊ नका. दुसरी कटकट उष्णता. एक कोहेरंट मॉड्यूल १५ ते २० वॉट खातं, ३६ पोर्ट भरली तर नुसत्या मॉड्यूलचे ५४० ते ७२० वॉट, आणि तेही राउटरच्या अगदी तोंडाशी. सगळे डबे हे झेपणारे नसतात, कुठल्या पोर्टात किती वॉटचं चालतं ते डेटाशीटमध्ये बघून घ्या, काही डब्यांत वरच्या रांगेतच परवानगी असते किंवा शेजारचं पोर्ट रिकामं ठेवावं लागतं.

तिसरी कटकट तांत्रिक कमी आणि माणसांची जास्त. मॉड्यूल राउटरमध्ये आहे, तर त्याची तरंगलांबी कोण ठरवणार? लाँच पॉवर कोण बदलणार? लाइन सिस्टीमवाल्याला (ॲम्प्लिफायर, रोडॅम सांभाळणाऱ्याला) त्या लॅम्बडाची जागा माहीत हवी, राउटरवाल्याला ती टाइप करायची आहे, आणि एकाने १९३.१ टेराहर्ट्झचं १९३.२ केलं तर दुसऱ्याच्या चालू लॅम्बडावर जाऊन बसू शकतो. काही ठिकाणी ऑप्टिकल कंट्रोलरला थेट राउटरमध्ये लिहायची परवानगी देतात, काही ठिकाणी वर एक मोठा कंट्रोलर बसवतात जो दोघांकडून माहिती घेतो आणि बदल मात्र ज्याच्या त्याच्या कंट्रोलरमधूनच करतो. मला दुसरी पद्धत पटते. राउटरच्या कॉन्फिगवर दोन मालक नकोत, एका डब्याला एकच लिहिणारा, वाचणारे कितीही असोत. मॉड्यूल एका कंपनीचं आणि राउटर दुसऱ्याचा असेल तर सीएमआयएस नावाच्या सामाईक इंटरफेसमुळे आता बरंच जमतं, पण ‘बरंच’ हा शब्द लक्षात ठेवा, लॅबमध्ये मॉड्यूल काढून-घालून, राउटर रीबूट करून, सॉफ्टवेअर अपग्रेड करून बघितल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. लिंक वर यायला कोहेरंटमध्ये तसाही वेळ लागतो, त्यात राउटरने अधीर होऊन मॉड्यूल पुन्हा पुन्हा रिसेट केलं तर लिंक कधीच वर येत नाही, हे मी बघितलेलं आहे.

आणि टीम. आयपीवाल्यांना डीबी आणि ओएसएनआर शिकावं लागणार, ट्रान्सपोर्टवाल्यांना आयजीपी (नेटवर्कच्या आतलं राउटिंग) आणि सेगमेंट राउटिंग, याला पर्याय नाही. माझं स्पष्ट मत आहे की ट्रान्सपोर्टच्या लोकांना ‘आता तुमची गरज नाही’ असं वाटू दिलं तर प्रकल्प तिथेच बसला. त्यांचं ज्ञान आता आधीपेक्षा जास्त लागतं. ट्रान्सपॉन्डर स्वतःच्या जोरावर बऱ्याच चुका झाकायचा, त्याचं मार्जिन मोठं असायचं, या छोट्या मॉड्यूलचं मार्जिन तितकं नाही, त्यामुळे घाण कनेक्टर, वाकलेली पॅच कॉर्ड, चुकीचा ॲम्प्लिफायर गेन, हे सगळं आता लगेच बोचतं. स्पॅनचा (दोन ॲम्प्लिफायरमधल्या फायबरचा) हिशोब करणारा, कनेक्टर मायक्रोस्कोपखाली बघितल्याशिवाय लावू न देणारा माणूस सोन्यासारखा जपा आणि त्याला राउटरचं लॉगिन द्या. निदान वाचण्यापुरतं तरी, पहिल्याच दिवशी.

लीज्ड लाइनचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ज्यांनी अख्खं सर्किट विकत घेतलंय, बिटला बिट पारदर्शक, त्यांना तुम्ही पॅकेटवर आणलं हे कळताही कामा नये. त्यासाठी प्रायव्हेट लाइन इम्युलेशन आहे, येणारे बिट जसेच्या तसे कापून पॅकेटमध्ये भरायचे, पलीकडे बफर करून त्याच क्लॉकवर परत सोडायचे, आणि सेगमेंट राउटिंगने त्याला ठरलेली वाट आणि राखीव बँडविड्थ द्यायची. चालतं, पण क्लॉक आणि जिटरचं (बिटांच्या वेळेतल्या चढउताराचं) काम नाजूक आहे, ते शेवटी करा. आणि समुद्राखालच्या केबल, हजारो किलोमीटरचे मार्ग, जिथे एकेका डीबीसाठी जीव टाकावा लागतो, तिथे आजही मोठे, जास्त वीज खाणारे ट्रान्सपॉन्डरच उजवे आहेत, तिथे हट्टाने ही पोर्टात लावायची छोटी मॉड्यूल नेऊ नका.

माझ्या हातात असतं तर मी सुरुवात मेट्रोपासून, म्हणजे शहराच्या आत-आसपासच्या नेटवर्कपासून करतो, शंभरेक किलोमीटरच्या आतल्या, सगळ्यात जास्त वाढणाऱ्या लिंकपासून, जिथे नाहीतरी नवीन क्षमता टाकायचीच आहे. चालू सर्किट हलवायची घाई नाही, नवीन तेवढं नव्या पद्धतीने. त्याच्या आधी फायबरची इन्व्हेंटरी प्रत्यक्ष जाऊन तपासायची आणि एसआरएलजी भरायचे, मग टेलिमेट्री, म्हणजे हे आकडे सतत गोळा करणं, चालू करायची, मग बीईआरचे उंबरठे लावायचे पण पहिले काही आठवडे फक्त अलार्म द्यायला, ट्रॅफिक हलवायला नाही, कारण उंबरठा फार संवेदनशील ठेवला तर ट्रॅफिक विनाकारण इकडून तिकडे उड्या मारत बसतो. आकडे नीट ओळखीचे झाले की मग ते राउटिंगला जोडायचे. आणि मेट्रोतून निघालेले ट्रान्सपॉन्डर भंगारात काढू नका, लांब पल्ल्याच्या मार्गांवर त्याच मॉडेलचे अजून चालू असतील तर स्पेअर म्हणून तिकडे पाठवा, कारण त्यांचे सुटे भाग मिळणं एक ना एक दिवस बंद होणारच आहे.